तिसऱ्या हत्तीचं शेपूट

हत्तीसरांच्या गाडीला पाच गिअर होते. त्यातले शेवटचे दोन कशाला दिलेत, हे त्या गाडीलाही ठाऊक नसावं. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती ती. टपावर पाटी, मागच्या काचेवर लाल अक्षर, आणि शेजारच्या सीटसमोर सरांच्या पायापाशी एक जादा ब्रेक. शिकणारा कॉलेजचा मुलगा असो की कुणाची सासू, गाडीने जरा अंग मोकळं केलं की सर तो ब्रेक दाबत. लोक हाताखाली शिकवतात, सर पायाखाली शिकवत. निम्मं शहर असं त्यांच्या पायाखालून शिकून बाहेर पडलं होतं, आणि त्यातल्या एकालाही गाडी वेगात चालवता येत नसे. सरांना याचा फार अभिमान होता.

हत्ती हे नाव त्यांना अंगावरून पडलेलं नव्हतं. अंगाने ते छत्रीच्या काडीसारखे होते. नाव पडलं ते त्यांच्या शिकवण्यावरून. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सर मोठ्याने मोजायला लागत, "एक हत्ती, दोन हत्ती, तीन हत्ती." तिसरा हत्ती पूर्ण व्हायच्या आत आपली गाडी त्या खांबापाशी पोचली तर आपण पुढच्याच्या फार जवळ आहोत, असा हिशेब. एक हत्ती म्हणायला बरोबर एक सेकंद लागतो, हे सरांचं शास्त्र. नुसतं एक-दोन-तीन म्हटलं तर माणूस घाबरून भराभर मोजतो, हत्तीला मात्र घाई करता येत नाही, असं ते म्हणत. हे मात्र त्यांचं खरं होतं.

आता अशा माणसाला कशाचं वेड असावं? तर वेगवान गाड्यांचं. तेही रस्त्यावर आलेल्या नव्हे, यायच्या असलेल्या. आलेल्या गाडीत सरांना काडीचा रस नसे. ती सगळ्यांनाच दिसते, तिच्यात सांगण्यासारखं काय उरतं? त्यांचं प्रेम जडायचं ते अजून कारखान्यातून बाहेर न पडलेल्या गाड्यांवर. अशा गाड्या चाचणीसाठी रस्त्यावर काढतात तेव्हा त्यांचा आकार कळू नये म्हणून अंगभर काळेपांढरे पट्टे चिकटवतात. मग कुणीतरी झुडपाआडून त्यांचा फोटो काढतो, आणि तो फोटो फिरत फिरत सरांच्या फोनवर येतो. सर तो बोटांनी ताणून मोठा करत, इतका मोठा की शेवटी नुसते ठिपके उरत. त्या ठिपक्यांवरून ते सांगत, की ही गाडी शून्यापासून शंभराचा वेग किती हत्तींत गाठेल.

हे सांगायची जागा म्हणजे शेजारचं सीटकव्हरचं दुकान. दुकानाचा मालक, त्याला सगळे कव्हरवाला म्हणत, सरांचा जुना स्नेही आणि तितकाच जुना वैरी. गाडीच्या सीटच्या मापाने कापलेलं रेक्झिन मशीनखाली सारत सारत तो सरांचं सगळं ऐकून घेई आणि शेवटची टीप मारून झाली की म्हणे, "सर, साफ चूक." दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. भांडणाला त्याने वजन येतं, असं दोघांचंही मत होतं.

"शेठ, आरसा बघा या गाडीचा," सर म्हणत. "किती बारीक ठेवलाय. आरसा बारीक कधी ठेवतात? मागे कुणी टिकणारच नाही अशी खात्री असते तेव्हा."

"आणि माझ्या बायकोच्या पर्समधला आरसा त्याहून बारीक आहे. ती किती हत्तींत जाते?"

सरांचे अंदाज कधी बरोबर आले होते का? तर नाही. हे स्पष्टच सांगितलेलं बरं, कारण सरांना विचारलं असतंत तर त्यांनी दहातले नऊ आले म्हणून सांगितलं असतं. एका गाडीचं इंजिन मागे असणार म्हणून त्यांनी छातीठोक सांगितलं, ते पुढे निघालं. एका गाडीला त्यांनी चार हत्ती दिले, तर कंपनीने ती गाडीच रद्द केली. सर म्हणाले, "माझ्यापर्यंत बातमी पोचली म्हणून रद्द केली." सगळ्यात कहर झाला तो पट्टे चिकटवलेल्या एका बसक्या गाडीच्या वेळी. आठवडाभर सर तिच्यावर बोलत होते. हिची छाती बघा, हिचे खांदे बघा, ही साडेतीन हत्तींच्या वर घ्यायची नाही. मग गाडी बाजारात आली. ती पाव पोचवायची व्हॅन होती.

कव्हरवाल्याने त्या व्हॅनची सीटं स्वतः शिवली, आणि महिनाभर दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती साडेतीन हत्तीवाली गाडी दाखवली. पण सर असे चिवट, की पुढच्याच महिन्यात म्हणायला लागले, "मी कधी म्हणालो? दाखवा कुठे लिहिलंय." बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर, असा तो सवाल. आणि कव्हरवाल्याकडे दाखवायला काही नसे. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि टाळ्यावरचं काही उमटून राहत नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. मग सरांच्या मुलीला नोकरी लागली.

शहराच्या टोकाला गाड्यांचा मोठा कारखाना होता. मुलगी इंजिनिअर झाली आणि तिथेच लागली, आणि लागली तीही नेमकी जिथे नव्या गाड्यांच्या चाचण्या होतात त्या विभागात. सरांचा आनंद गगनात मावेना. देवाने दिलं ते थेट घरातच दिलं. पण पहिल्याच दिवशी मुलगी घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "बाबा, आतलं काहीही बाहेर बोलायचं नाही अशी सही घेतलीय माझ्याकडून. फाटकात शिरताना फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा चिकटपट्टी लावतात. तेव्हा मला काही विचारू नका."

"छे, मी कशाला विचारतोय," सर म्हणाले, आणि जेवायला बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली. विचारलं नाही. ते नुसते आकडे म्हणत. "चार," असं भाजीकडे बघत म्हणायचं आणि झटकन मुलीच्या तोंडाकडे बघायचं. "पावणेचार." पुन्हा बघायचं. "साडेतीन." सरांचा समज असा, की बरोबर आकडा आला की तिची भुवई हलेल. मुलीने काही दिवस सहन केलं. मग ती घास चावताना दगडासारखा चेहरा ठेवायला शिकली. मग एकदा खोकला आला म्हणून तिने तोंडावर हात धरला, तर सर टेबलावर थाप मारून म्हणाले, "सव्वातीन." त्यानंतर ती कारखान्याच्या कॅन्टीनमध्येच जेवून यायला लागली. काम असतं म्हणायची. घरी आली की आईशी दोन शब्द बोलून सरळ आपल्या खोलीत.

सरांच्या बायकोला सगळं दिसत होतं. ड्रायव्हिंग स्कूलचा फोन तीच घ्यायची, कुणाला कधीची वेळ द्यायची ते तीच ठरवायची, पण स्वतः गाडी शिकायला ती आयुष्यात एकदाच बसली होती आणि चौकातून चालत परत आली होती. ती म्हणाली, "अहो, पोरगी घरात जेवत नाही."

"काम असतं तिला. नवं मॉडेल यायचंय."

"तुम्ही समोर असता म्हणून जेवत नाही."

सरांनी ते ऐकलं न ऐकलं केलं. पण दुकानात पंचाईत झाली. तिथे रोज कुणी ना कुणी विचारणारच, "काय सर, मुलगी काय म्हणते नव्या गाडीबद्दल?" आता मुलगी काहीच म्हणत नाही, आपल्याबरोबर जेवायलाही बसत नाही, हे सांगायचं कसं? तेव्हा सर डोळे बारीक करून म्हणत, "ती बोलत नाही. पण तिची भुवई बोलते. बापाला कळतं." लोक माना डोलावत. भुवई कपाळावर असते की जेवणाच्या टेबलावर, हे कुणी तपासायला जाणार नव्हतं.

ती नवी गाडी मोठी गाजत होती. बाहेर यायच्या आधीच सगळीकडे तिची चर्चा, आणि जो तो तिला साडेतीनच्या आसपास देत होता. कव्हरवाल्याचंही तेच. "साडेतीन सेकंद. खाली येणं शक्य नाही. वजन आहे तिला."

"तीन हत्ती," सर म्हणाले.

"बरोबर तीन?"

सर थांबले. बरोबर तीन म्हटलं की त्यात काही मजा राहत नव्हती. "पूर्ण तीन नाही. तिसऱ्या हत्तीचं शेपूट राहील," ते म्हणाले. "हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं. दोन पॉइंट नऊ."

आता या खेपेला कव्हरवाल्याने ठरवलं की पुरावा ठेवायचा. त्याच्या फोनवर गाड्यांच्या धंद्यातल्या लोकांचा एक ग्रुप होता, टायरवाले, बॅटरीवाले, रंगवाले असा. त्यावर त्याने टाकलं, "आमच्या हत्तीसरांचं नव्या गाडीबद्दल खात्रीचं भाकीत: शून्य ते शंभर दोन पॉइंट नऊ सेकंद. मुलगी कारखान्यात आहे. तिची भुवई बोलते. सर्वांनी जपून ठेवावं." हेतू एवढाच की गाडी आली की हे पुढे करायचं आणि सरांना एकदाचं तोंडघशी पाडायचं. पण ग्रुपवरची गोष्ट ग्रुपवर राहते थोडीच? टायरवाल्याने ती पुढे ढकलली, त्याच्या मेहुण्याने आणखी पुढे, आणि दोनतीन दिवसांत गाड्यांच्या एका वेबसाइटवर ठळक अक्षरांत झळकलं, की आतल्या गोटातून बातमी फुटली, नवी गाडी तीन सेकंदांच्या आत.

आणि कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आकडा बरोबर होता.

मुलगी त्या दिवशी दुपारीच घरी आली. सर जेवायला आले होते, बायको गॅसवर भाजी परतत होती. मुलीने पिशवी खाली ठेवली, आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मला कामावर येऊ नका म्हणून सांगितलंय. आकडा बाहेर फुटलाय. कुणा हत्तीसरांची मुलगी, तिची भुवई, असं लिहिलंय त्यात. परवा चौकशी आहे, तुम्हालाही बोलावलंय."

सरांच्या तोंडून जे पहिलं वाक्य बाहेर पडलं ते त्यांना पुढे कधीही परत घेता आलं नाही. ते म्हणाले, "म्हणजे दोन पॉइंट नऊ बरोबर आहे?"

बायकोने गॅस बंद केला. मुलगी खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बायको नवऱ्याकडे अशी बघत राहिली, की सरांचा पाय टेबलाखाली आपोआप ब्रेक शोधायला लागला.

"नोकरी जाईल तिची," बायको म्हणाली. "अशी गेली की दुसरी कंपनीही घेत नाही. काय केलंत तुम्ही हे?"

सरांची पाचावर धारण बसली. आयुष्यभर ते लोकांना सांगत आले होते, की अपघात वेगाने होत नाही, लक्ष नसल्याने होतो. ते तसेच उठले आणि कव्हरवाल्याकडे गेले. कव्हरवाल्याने आधी मशीन थांबवलं, मग सगळं ऐकून डोक्यावर हात मारून घेतला.

"सर, मी तुमची फजिती करायला टाकलं होतं हो. पोरीचं वाईट व्हावं म्हणून नाही."

"मला माहीत आहे. आता एक करा. परवा माझ्याबरोबर चला आणि माझी फजिती करा."

कव्हरवाला चमकून बघायला लागला. सरांनी समजावलं. कंपनीला वाटतंय की आकडा मुलीने सांगितला. तो नुसता अंदाज होता हे पटवायचं असेल, तर आपण जन्मभर अंदाज करत आलोय आणि ते सगळे चुकलेत, हे सिद्ध व्हायला हवं. आणि ते तोंडपाठ असलेला माणूस जगात एकच आहे. "व्हॅनचंसुद्धा सांगा," सर म्हणाले. हे म्हणताना त्यांना काय वाटलं असेल ते समजायला माणसाने निदान एकदा तरी पाव पोचवायच्या व्हॅनवर जीव लावलेला असावा लागतो.

चौकशीची खोली फाटकाशेजारच्या इमारतीत होती. भिंतीला चित्र नाही, टेबलावर काही नाही. फोन दारातच एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये काढून ठेवायचे. टेबलापलीकडे एक मध्यम वयाच्या बाई बसल्या होत्या, चष्मा साखळीने गळ्यात अडकवलेला, आवाज शांत. कंपनीच्या सुरक्षा विभागाच्या त्या प्रमुख. मुलगी कडेच्या खुर्चीवर आधीच येऊन बसली होती. तिने वडलांकडे पाहिलं, मग त्यांच्यामागून येणाऱ्या कव्हरवाल्याकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

"हे आकड्याचं तुम्हाला कुणी सांगितलं?" बाईंनी विचारलं.

"कुणी नाही. अंदाज केला."

"दशांशापर्यंत?"

"मी नेहमी दशांशापर्यंतच करतो. चुकायचंच तर नीट चुकावं."

मग कव्हरवाल्याची साक्ष झाली. सुरुवातीला तो अडखळला, पण एकदा गाडी चालू झाल्यावर त्याला कुणी ब्रेक लावू शकेना. मागचं इंजिन पुढे निघालं ते सांगितलं. रद्द झालेली गाडी सांगितली. लाल रंगाची गाडी कुणी घेणार नाही म्हणाले होते, तिची वाट बघणाऱ्यांची रांग लागली, ते सांगितलं. व्हॅनचं तर त्याने अभिनय करून सांगितलं, छातीसकट आणि खांद्यांसकट. कोपऱ्यात टाइप करत बसलेला कारकून खाली वाकून बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता, आणि त्याच्या बुटाला नाडी नव्हती. सर मान खाली घालून प्रत्येक गोष्टीला "खरं आहे" म्हणत होते. या सगळ्या गोष्टी त्यांनी वर्षानुवर्षं नाकारल्या होत्या. आता ते एकेक कबूल करत होते, आणि मध्येच कव्हरवाला एक विसरला तेव्हा त्यांनीच आठवण करून दिली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "पण या वेळी दोन पॉइंट नऊच का?"

"चपलांच्या दुकानावरून, मॅडम."

"काय?"

"दुकानात तीनशेची चप्पल दोनशे नव्याण्णवला लावतात. लोकांना दोन दिसतो, तीन दिसत नाही. मला वाटलं, एवढी मोठी कंपनी आहे, तीन कशाला म्हणेल?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि सरांकडे नीट पाहिलं. "आमच्या विक्री विभागातही अगदी हेच..." त्या म्हणाल्या आणि एकदम गप्प झाल्या. कारकुनाने टाइप करायचं थांबवलं. "हे लिहू नका," त्यांनी त्याला सांगितलं.

मग त्यांनी समोरचा छापील कागद उचलला. "आता हे भुवईचं. हे तुम्हीच दुकानात सांगत होता ना?"

सरांनी मुलीकडे पाहिलं नाही. "ते खोटं आहे," ते म्हणाले. "लोक विचारायचे, मुलगी काय म्हणते. काय सांगणार? मुलगी घरी जेवतच नाही. किती महिने झाले, माझ्यासमोर बसलेली नाही ती. तिची भुवई मला दिसेल कुठून? मी तिच्या ताटाकडे टक लावून बसायचो म्हणून ती कॅन्टीनमध्ये जेवते. हे दुकानात सांगायची लाज वाटली, म्हणून भुवईचं सांगितलं."

कव्हरवाला हे पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने रेक्झिनने काळी झालेली बोटं टेबलाखाली घेतली.

"हे खरं?" बाईंनी मुलीला विचारलं.

"हो," मुलगी म्हणाली. "घास उतरत नाही मला."

बाईंनी काहीतरी लिहिलं. चौकशी संपल्यासारखी वाटत होती. सर खुर्चीच्या कडेला सरकले, तेवढ्यात बाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुमची मुलगी आमच्याकडे नक्की काय काम करते?"

सरांचा चेहरा उजळला. निदान एवढं तरी त्यांना छाती वर करून सांगता येण्यासारखं होतं. "इंजिन," ते म्हणाले. "नव्या गाडीचं इंजिन तिच्याकडे आहे."

"सगळ्या गल्लीला माहीत आहे," कव्हरवाल्याने दुजोरा दिला.

मुलगी टेबलाकडे बघत होती. बाईंनी चष्मा काढून गळ्यात सोडला. मग म्हणाल्या, "त्या दाराच्या रबरावर काम करतात. लागल्या त्या दिवसापासून."

सरांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मुलीकडे पाहिलं. तिने मान हलवून हो म्हटलं.

"चाचणीच्या गाडीत त्यांना बसावं लागतं, म्हणून आकडा त्यांना कळतो. म्हणून आम्हाला शंका आली," बाई म्हणाल्या. "पण मुलगी काय काम करते हेच ज्या घरात बापाला माहीत नाही, त्या घरात ती आकडा काय सांगणार?" कागद मिटून त्या मुलीकडे वळल्या. "मॅडम, तुम्ही उद्या कामावर या. आणि तुम्ही दोघं, गाडी बाहेर येईपर्यंत आकडा या शब्दाचा उच्चारसुद्धा करायचा नाही."

नोकरी वाचली होती. ज्याच्यासाठी सर आले होते ते झालं होतं, आणि ते झालं होतं त्यांच्या सगळ्या चुकांमुळे नाही, चपलेमुळे नाही, तर त्यांना स्वतःच्या मुलीचं काही माहीत नव्हतं म्हणून. त्यांना लाज वाटली, अशी लाज व्हॅनच्या वेळीही वाटली नव्हती. बाहेर आल्यावर ट्रेमधला त्यांचा फोन कव्हरवाल्यानेच त्यांच्या हातात दिला. वर्षभर पुरेल एवढी थट्टा त्याच्या पदरात पडली होती, पण रस्ताभर तो हवापाण्याबद्दल बोलत राहिला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. मुलीच्या पाठीवरून हात फिरवला. नवऱ्याला फक्त एवढंच म्हणाली, "काखेत कळसा आणि गावाला वळसा."

त्या दिवशी संध्याकाळी मुलीला कॅन्टीन नव्हतं. ती घरातच होती. आईने ताटं मांडली तेव्हा ती दारात जरा घुटमळली, मग येऊन बसली. सरांनी नजर आपल्या ताटातून वर म्हणून केली नाही. पाण्याचा तांब्याही त्यांनी न बघता उचलला आणि पेल्याच्या शेजारी पाणी ओतलं. मीठ हवं होतं ते न मागता तसेच जेवत राहिले. बायको म्हणाली, "आता काय, मुके झालात का दोघं?"

सर चाचरत म्हणाले, "रबर... म्हणजे दाराचं कुठलं?"

मुलीने घास हातात धरून त्यांच्याकडे पाहिलं. यात काही डाव आहे का, ते ती बघत होती. सरांची नजर ताटातच होती.

"दाराच्या कडेने असतं ते," ती म्हणाली. "दार लावल्यावर फट राहू नये म्हणून."

"त्याचं तू काय करतेस?"

"गाडी खूप वेगात गेली की हवा दार बाहेर ओढते. केसाएवढी फट पडते आणि शीळ वाजायला लागते. ती नेमकी कुठून वाजते ते शोधायचं. मी शेजारच्या सीटवर बसते, कानाला यंत्र लावते आणि डोळे मिटून ऐकते. सापडली की तिथे खूण करायची."

"डोळे मिटून?" आई म्हणाली. "तेवढ्या वेगात?"

"भीती नाही वाटत?" सरांनी विचारलं.

"आता नाही वाटत. पहिल्या वेळी फार वाटली होती. मी ओरडले. उतरताच येईना गाडीतून."

"हे तू सांगितलं नाहीस कधी."

"सांगणार होते. त्याच दिवशी, घरी आल्याबरोबर. तुम्ही दारातच सुरू केलंत, चार, पावणेचार."

सरांनी हातातला घास ताटात ठेवला. मग पहिल्यांदा मान वर करून मुलीकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं नाही.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "आता सांग."

ती सांगायला लागली. आधी थोडं थोडं, मग हातवारे करून. गाडी सुटते तेव्हा पाठ सीटला कशी चिकटते, पोट कसं मागे राहून जातं, कानातल्या शिळेचा आवाज कसा बारीक बारीक होत जातो, सगळं. आई जिथे घाबरायला हवं तिथे बरोबर घाबरत होती. सर मध्ये एकही आकडा न म्हणता ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही आणि त्यांनी एकच गोष्ट विचारली.

"गाडी कोण चालवत होता? शिकला कुठे तो?"

"तुमच्याकडे नाही, बाबा," ती म्हणाली. "म्हणून तर गाडी हलली."

आधी आई हसली. मग सरांना हसू आलं. मुलीने ताट पुढे सरकवलं आणि आणखी थोडी भाजी वाढायला सांगितली.